शॅल, विल आणि मेकॉले : इंग्रजी व्याकरणाचा सराव कोणासाठी?

१/
'आय' आणि 'वुई' यांच्यापुढे 'शॅल', बाकी सर्वांपुढे 'विल'. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी हा नियम वहीत उतरवला, गाळलेल्या जागा भरल्या आणि गुणही मिळवले. त्याच वर्गांतून बाहेर पडलेले अनेक तरुण अर्जात 'आय डिड नॉट वेंट' असे लिहितात आणि त्यांना काही खटकत नाही. म्हणजे सराव झाला होता. पण कशाचा झाला, आणि कोणाच्या सोयीने? या प्रश्नाला साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. (धागा)

२/
सुरुवात 'शॅल'पासूनच करावी. हा नियम १६५३ साली जॉन वॉलिस यांनी मांडला. वॉलिस ऑक्सफर्डचे गणितज्ञ होते. अनंताचे चिन्ह (∞) त्यांनीच रूढ केले. त्यांनी लिहिलेले इंग्रजीचे व्याकरण होते लॅटिन भाषेत! इंग्रजी बोलणाऱ्या सामान्य माणसाने ते वाचावे अशी अपेक्षाच नव्हती. पुढच्या व्याकरणकारांनी मात्र तो नियम एकमेकांकडून उचलला, त्याला पोटनियम जोडले आणि शाळेच्या पुस्तकात बसवला.

३/
१९०६ मध्ये फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश' या ग्रंथात 'शॅल-विल'वर बरीच पाने खर्च केली. त्यात त्यांनी जे कबूल केले ते विलक्षण आहे : दक्षिण इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांना हा वापर उपजत येतो, इतरांना तो शिकून येणे जवळजवळ अशक्य आहे. १९२५ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइझ यांनी नाटकांतील संवादांमधले प्रत्यक्ष प्रयोग मोजले. त्यांना दिसले की, लोक त्या नियमाप्रमाणे बोलत नव्हतेच.

४/
जो नियम स्कॉटलंड-आयर्लंडच्या माणसालाही साधत नाही, तो सोलापूरच्या मुलाने का घोकावा? याचे उत्तर अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहे. व्यापाराने पैसा हाती आलेला नवा मध्यमवर्ग वर चढत होता. पोशाख विकत घेता येत होता, घर विकत घेता येत होते. 'सभ्य' आणि 'असभ्य' यांतले अंतर दाखवायला भाषा उरली होती. व्याकरणाच्या पुस्तकांना तेव्हा मोठी बाजारपेठ मिळाली.

५/
१७६२ मध्ये रॉबर्ट लोथ यांचे छोटेखानी व्याकरण प्रसिद्ध झाले. हे गृहस्थ पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांच्या पुस्तकाची खरी गंमत तळटीपांत आहे. तिथे चुकीच्या इंग्रजीचे नमुने दिलेले आहेत आणि ते अडाणी माणसांचे नाहीत. शेक्सपिअर, मिल्टन, बायबलचे भाषांतरकार हे सारे त्या परीक्षेत नापास आहेत! ज्या कसोटीवर एखाद्या भाषेचे सर्वश्रेष्ठ लेखकच उतरत नाहीत, ती कसोटी भाषेची असते की अभिरुचीची?

६/
'वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको' हाही असाच दंडक. १६७२ मध्ये कवी ड्रायडन यांनी बेन जॉन्सनच्या लेखनावर हा आक्षेप घेतला. नंतर त्यांनी स्वतःच्याच जुन्या निबंधातून अशी वाक्ये वेचून दुरुस्त केली. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, हा आग्रह तर त्याहून नवा. १८६४ मध्ये हेन्री आल्फर्ड यांनी तो जोराने मांडला. हे इंग्रजीचे प्राणतत्त्व नव्हते. एकेका काळातील एकेका माणसाची ही नापसंती होती.

७/
मग सगळे व्याकरणच थोतांड म्हणायचे का? मुळीच नाही. 'ही गो' आणि 'ही गोज' यांतला फरक लोथ यांनी निर्माण केला नाही. 'द डॉग बिट द मॅन' आणि 'द मॅन बिट द डॉग' यांत कोण कोणाला चावले हे शब्दक्रम ठरवतो, बिशप ठरवत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात दोन प्रकारचे नियम शेजारी शेजारी बसलेले असतात : अर्थ वाहून नेणारे आणि प्रतिष्ठा मिरवणारे. ते वेगळे कसे करायचे, हे इतिहास शिकवतो.

८/
सरावाचाही इतिहास आहे. 'खालील वाक्यांतील चुका दुरुस्त करा' हा प्रश्न प्रत्येकाने सोडवलेला असतो. मुद्दाम चुकीची वाक्ये देऊन ती सुधारायला लावण्याची ही पद्धत इंग्रजी व्याकरणात रुजवण्याचे श्रेय न्यूकॅसलच्या ॲन फिशर या शिक्षिकेला दिले जाते. काळ अठराव्या शतकाच्या मध्याचा. पुढे लिंडली मरी या अमेरिकन वकिलाने यॉर्क येथील क्वेकर पंथीयांच्या मुलींच्या शाळेसाठी १७९५ मध्ये व्याकरण लिहिले आणि १७९७ मध्ये स्वतंत्र सरावपुस्तकही काढले.

९/
लॅटिन शिकण्याची दारे ज्यांना बहुधा बंद होती, त्या मुलींसाठी हे पुस्तक लिहिले गेले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सराव हे मूळचे गरजूंचे साधन होते. ज्याच्या घरात ती भाषा नांदते त्याला सरावपुस्तक लागत नाही. ज्याच्या घरात ती नाही त्याला तेच एक घर असते. या धाग्यातील पुढचा सगळा वाद या एका मुद्द्याभोवती फिरतो.

१०/
मरी यांचे पुस्तक इंग्लंड-अमेरिकेत अफाट खपले आणि वसाहतींतही पोहोचले. मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याच्या रचनेत इंग्रजी व्याकरणांच्या साच्याचा वाटा होता. मराठीत आज जी स्वल्पविराम-पूर्णविरामांची चिन्हे सहज वापरली जातात तीही इंग्रजीच्या वाटेने आली. ती रूढ करण्यात मेजर कँडी यांचा हात मोठा. इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास मराठीला बाधला, असे म्हणणाऱ्यांनी आपलेच वाक्य एकदा विरामचिन्हांशिवाय वाचून पाहावे.

११/
६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला जाई. देशी लोकांत पाश्चात्त्य विद्येचा अभ्यास वाढावा हा त्यामागचा एक उघड हेतू होता. त्याआधीच, एल्फिन्स्टन १८२७ मध्ये मुंबई सोडून गेले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी अध्यापनासाठी दोन लाखांहून अधिक रुपयांची वर्गणी जमवली होती. लंडनहून कोणी इंग्रजी लादण्याआधी इथे तिची मागणी होती.

१२/
आता मेकॉले. समाजमाध्यमांवर त्यांच्या नावाने एक उतारा वर्षानुवर्षे फिरतो : आपण भारतभर हिंडलो, पण भिकारी दिसला नाही, म्हणून या देशाचा कणा मोडायला त्याची शिक्षणपद्धती बदलावी. हे भाषण २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत झाले, असेही सांगितले जाते. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हतेच. १८३४ पासून ते भारतात होते. त्या तारखेचे त्यांचे खरे टिपण कलकत्त्यातले आहे आणि त्यात हा उतारा नाही.

१३/
खोटा उतारा फिरतो तेव्हा खरा अपराध झाकला जातो. मेकॉले यांच्या टिपणात भारतीय आणि अरबी विद्येविषयीचा तुच्छभाव आहे, तो कुप्रसिद्धच आहे. पण त्याहून दूरगामी ठरला तो दुसरा मुद्दा : हाती असलेल्या साधनांत सर्व जनतेला शिकवणे शक्य नाही, म्हणून राज्यकर्ते आणि कोट्यवधी प्रजा यांच्यामध्ये दुभाषांचा एक वर्ग घडवावा. ज्ञान वरून खाली झिरपेल, हा तो सिद्धांत.

१४/
म्हणजे मेकॉले यांचा खरा दोष इंग्रजी शिकवण्यात नाही, मोजक्यांनाच शिकवण्यात आहे. झिरपण्याच्या भरवशावर बसलेल्यांपर्यंत काय पोहोचले, हे पुढच्या पन्नास वर्षांनी दाखवले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने जनसामान्यांच्या शिक्षणाची जबाबदारी कागदावर मान्य केली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ उभे राहिले. पण शेतकऱ्याच्या मुलाच्या हातात पाटी येण्याचा वेग मात्र फारसा बदलला नाही.

१५/
शिकलेल्यांनाही सुख नव्हते. १८९१ मध्ये आर्नल्ड राइट यांनी भारतीयांच्या इंग्रजी अर्जांतील चुका गोळा करून विनोदी पुस्तक काढले. 'पंच' या साप्ताहिकात एफ. ॲन्स्टी यांनी जाबरजी नावाचा बी. ए. झालेला बाबू उभा केला; १८९७ मध्ये त्याचे पुस्तक झाले. इंग्रजी न येणारा तो रानटी आणि येणारा तो विदूषक! व्याकरणाची चूक हा दोन्हीकडून बंद होणारा सापळा झाला होता.

१६/
हा सापळा गोऱ्यांनीच वापरला असता तर कथा सोपी होती. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा त्यांनी जो समाचार घेतला, त्यात विचारांच्या खंडनाइतकीच भाषेची आणि व्याकरणाची थट्टा होती. फुले काय म्हणतात याला उत्तर देणे अवघड होते. कसे लिहितात यावर हसणे सोपे होते. व्याकरण इथे ज्ञानाचे साधन उरले नाही. ते दारावरचा पहारेकरी झाले.

१७/
याच शास्त्रीबोवांच्या नावावर इंग्रजी म्हणजे 'वाघिणीचे दूध' हा शब्दप्रयोग सांगितला जातो. त्यांनी टिळक आदी सहकाऱ्यांसह १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात उघडलेल्या शाळेचे नाव 'न्यू इंग्लिश स्कूल' होते. जॉन्सन आणि मेकॉले यांच्या गद्याचा संस्कार त्यांच्या निबंधांवर स्पष्ट दिसतो. त्यांची विद्वत्ता आणि त्यांचे गद्य यांबद्दल आदर राखूनही एक प्रश्न उरतो : ते दूध कोणाच्या बछड्यांसाठी होते?

१८/
आणि फुले? पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले फुले १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध करतात, तेव्हा मराठी ग्रंथाला इंग्रजी प्रस्तावना जोडतात आणि अर्पणपत्रिका अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांच्या नावे लिहितात. पुण्यातील वाद्यांच्या डोक्यावरून थेट जगाशी बोलण्याचा तो मार्ग होता. ज्यांची भाषा अशुद्ध म्हणून हिणवली गेली, त्यांनी दुसरी भाषा शिकून तिच्यात फिर्याद मांडली.

१९/
१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी आपले निवेदन मांडले, तेही इंग्रजीतच. उच्च शिक्षणावर सरकार पैसा ओतते आणि ज्यांच्या करातून तो येतो त्या रयतेची मुले निरक्षर राहतात, हा त्यांचा आरोप होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी होती. त्या शिक्षणात काय असावे याची यादीही त्यांनी दिली : मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, शेतीचे ज्ञान, नीती, आरोग्य. आणि व्याकरण!

२०/
या एका शब्दापाशी थांबले पाहिजे. ज्यांच्यावर व्याकरणाचा सोटा उगारला गेला, त्यांनी सोटा मोडून टाका असे म्हटले नाही; तो सर्वांच्या हातात काठी म्हणून द्या असे म्हटले. यादीतले ते व्याकरण मायभाषेतल्या शिक्षणाचे होते, इंग्रजीचे नव्हे, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. पण तत्त्व तेच आहे. नियम ठाऊक असलेल्यालाच कोणता नियम पाळायचा आणि कोणता झुगारायचा हे ठरवता येते. इतरांसाठी ते दुसरे कोणी तरी ठरवते.

२१/
आजचे वाद या कसोटीवर घासून पाहावेत. पहिला पक्ष पहारेकऱ्यांचा. कोणी ग्रामीण तरुण इंग्रजीत दोन वाक्ये लिहितो, आणि खाली त्याच्या स्पेलिंगवर हसणाऱ्यांची रांग लागते. मुद्द्याला उत्तर कोणीच देत नाही. ही माणसे स्वतःला भाषाप्रेमी समजतात. प्रत्यक्षात ती ॲन्स्टी यांचा सव्वाशे वर्षांहून जुना विनोद शिळा करून वाढत असतात. ज्याला चूक दाखवायची आहे तो ती हळूच सांगतो. चव्हाट्यावर सांगणाऱ्याला चूक सुधारायची नसते, माणूस मोजायचा असतो.

२२/
दुसरा पक्ष म्हणतो, व्याकरण सोडा, फक्त बोलत राहा. तीस दिवसांत इंग्रजीची हमी देणाऱ्या जाहिराती याच पक्षाच्या. त्यांच्यापाशी एक विद्वत्तापूर्ण आधारही असतो : १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील शाळांत केलेला बंगलोर प्रकल्प, ज्यात नियम न शिकवता कामांतून भाषा शिकवली गेली. पण त्या वर्गांत मुले रोज शिक्षकासोबत वेळापत्रके, नकाशे, सूचना यांवर डोके चालवत होती. तो काटेकोर आखलेला सराव होता. 'नुसते बोला' ही त्याची स्वस्त नक्कल आहे.

२३/
शिवाय 'व्याकरणाची गरज नाही' असे सांगणारा बहुधा व्याकरण आधीच खिशात घेऊन फिरत असतो. घरी इंग्रजी वर्तमानपत्र, शेजारी इंग्रजी बोलणारी माणसे, लहानपणापासूनची गोष्टींची पुस्तके यांतून नियम त्याच्या नकळत मुरलेले असतात. विहिरीत वाढलेल्याने पोहण्याचे धडे निरर्थक ठरवावेत तसा हा प्रकार. ज्याने पाणी तिसऱ्या वर्गातल्या चित्रात पाहिले, त्याला हातपाय कसे मारायचे हे सांगावेच लागते.

२४/
तिसरा पक्ष इंग्रजी ही गुलामीची भाषा म्हणून तिच्या अभ्यासावरच आक्षेप घेतो. मराठीतून शिक्षण मिळाले पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे आणि इंग्रजी नीट शिकण्याशी तिचे भांडण नाही. पण सभेत इंग्रजीला शिव्या आणि घरी मुलांना इंग्रजी शाळा, हे चित्र महाराष्ट्राला नवे नाही. बहुसंख्यांना इंग्रजीपासून दूर ठेवून मूठभरांची मक्तेदारी राखणे, हेच १८३५ चे टिपण होते. त्याच्या निषेधाच्या नावाखाली त्याचीच अंमलबजावणी करू नये.

२५/
महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. निर्णयावर तेव्हा कडाडून टीका झाली, समर्थनही झाले. पण वेळापत्रकात विषय येणे आणि मुलाच्या हाताखालून वाक्ये जाणे, यांत फार अंतर आहे. मग प्रश्न उरतो : मराठी मुलाने नेमका कशाचा सराव करावा? उत्तर लंडनच्या यादीत सापडणार नाही. मराठी आणि इंग्रजी जिथे एकमेकींपासून फुटतात, त्या वळणांवर ते आहे.

२६/
'ला' हा प्रत्यय पाहा. 'तो मुंबईला गेला' यात 'टू' येतो. 'मी तिला भेटलो' यात काहीच येत नाही. 'तिला दोन भाऊ आहेत' म्हणताना इंग्रजी 'हॅज' वापरते. 'मला भूक लागली' म्हणताना भूक लागतच नाही, माणूसच भुकेला 'असतो'. मराठीचा एक प्रत्यय आणि इंग्रजीच्या चार वाटा. अशी पन्नास वाक्ये लिहून काढली, तर प्रिपोझिशनची यादी पाठ करण्यापेक्षा अधिक पदरात पडेल.

२७/
काळ पाहा. 'तो आला आहे' याला 'हॅज कम' हे रूप हाताशी आहे. इथे मराठी मूल उलट एक पाऊल पुढे असते. पण मराठीत 'तो काल आला आहे' चालते, इंग्रजीत 'यस्टरडे' येताच 'हॅज' मागे सरतो. 'मी दहा वर्षे इथे राहतो' हा मराठीचा साधा वर्तमान. इंग्रजी तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' मागते. आणि 'डिड'ने भूतकाळाचे ओझे एकदा उचलले, की 'गो'ने ते पुन्हा उचलायचे नसते. 'डिड नॉट वेंट' का चुकते, ते एवढेच.

२८/
'अ' आणि 'द' यांची भीती तर आजीच्या गोष्टीतच संपते. एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या. पहिल्यांदा 'एक', ओळख झाल्यावर 'त्या'. इंग्रजीचा 'अ किंग' आणि मग 'द किंग' हा न्याय मूळात हाच. प्रत्येक ठिकाणी तो इतका सरळ लागत नाही, हे खरे. पण पहिले पाऊल ओळखीच्या अंगणात पडते. मुलाला आधीच येत असलेल्या गोष्टीवरून न येणारी गोष्ट दाखवणे, याहून मोठे अध्यापनशास्त्र नाही.

२९/
हे महाराष्ट्राला ठाऊक होते. 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' अनेक पिढ्यांच्या दप्तरात होती. मराठी वाक्य घ्यायचे, इंग्रजीत न्यायचे, पुन्हा मराठीत आणायचे. पद्धत जुनी, वाक्ये आज विचित्र वाटतील अशी. भाषांतराने बोलण्याचा ओघ येत नाही हा आक्षेपही रास्त. पण ती पाठमाला समोर मराठी मूल आहे हे गृहीत धरून लिहिली होती. पुढे मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात असलेले आणि 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन यांचे मार्टिनसोबतचे व्याकरण आले आणि प्रमाणग्रंथ झाले. नियम त्यात भरपूर आहेत. मराठी मूल त्यात नाही.

३०/
म्हणून मागणी साधी आहे. 'शॅल-विल'चे तास कमी करा. शब्दक्रम, काळ, 'डिड', 'अ-द' आणि प्रिपोझिशन यांना ते द्या. रोज दहा वाक्ये, स्वतःच्या आयुष्यातली, मराठीतून इंग्रजीत आणि उलट. चुकलेले वाक्य लाल शाईने खोडू नका. मराठीच्या कोणत्या वाटेने ते तिथे गेले हे दाखवा. बहुतेक चुकांना कारण असते, आणि कारण कळलेली चूक सहसा पुन्हा होत नाही.

३१/
१८३५ मध्ये ठरले होते की इतक्या लोकांना शिकवणे शक्य नाही. १८८२ मध्ये एका माळ्याच्या मुलाने इंग्रजीत लिहून विचारले की, शक्य का नाही? दोन्ही कागद आज उपलब्ध आहेत. वर्गातल्या शेवटच्या बाकावरील मुलीच्या वहीत बरोबर लिहिलेले प्रत्येक वाक्य दुसऱ्या कागदाच्या बाजूने पडलेले मत आहे.

(धागा समाप्त)